बाबांचे पैसे, बाबांचं वाक्य आणि तुमचं घरकर्ज

प्रश्न (थोडक्यात): माझं वय 41. घरकर्जाचे 168 हप्ते बाकी आहेत, व्याजदर 8.5 टक्के, बदलता. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण एकतृतीयांश. वडील सहा महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या ठेवींचे मिळून माझ्या 72 हप्त्यांइतके पैसे आले. आई म्हणते, ‘तूच घे, मला काय करायचंय?’ तिला बाबांच्या पेन्शनचा निम्मा भाग मिळतो. बाबा पैशाबद्दल कधी बोलले नाहीत. एकच वाक्य मात्र कायम ऐकवायचे: ‘कर्ज असलेल्या माणसाला झोप नसते.’ मित्र म्हणतो, कर्ज राहू दे, सगळे पैसे शेअर बाजारातल्या फंडात टाक, 12 टक्के मिळतील. तसं केलं तर बाबांचा शब्द मोडल्यासारखं वाटतं. काय करू? माझी स्वतःची गुंतवणूक फक्त मुदत ठेवींत आहे. अडीअडचणीला दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे. हे सगळं बायकोला अजून सांगितलेलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप.

उत्तर:

आधी बाबांच्या वाक्याबद्दल बोलू, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय. तुमच्या आजोबांनी सावकाराकडून शेकडा तीनने पैसे उचलले होते आणि ते फेडण्यात बाबांची उमेदीची वर्षं गेली, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाक्य हेच. दरमहा 3 टक्के चक्रवाढीने धरले तर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातात. 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे कळतो. हा ठोकताळा 1494 साली छापलेल्या लुका पाचोलीच्या गणिताच्या ग्रंथातही सापडतो. त्या हिशोबाने (72 भागिले महिन्याचे 3) आजोबांचं कर्ज 24 महिन्यांत, म्हणजे दोन वर्षांत दुप्पट होत होतं. तुमच्या दराने तेवढं व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतील, तेही एकही हप्ता भरला नाही तर. बाबा बोलत होते ते त्या पहिल्या कर्जाबद्दल, आणि त्या कर्जाच्या बाबतीत त्यांचं अक्षरन् अक्षर खरं होतं.

उल्रिके माल्मेंडिअर आणि स्टीफन नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी कुटुंबांची अनेक दशकांची माहिती तपासून दाखवलं की, ज्यांनी आयुष्यात बाजाराची वाईट वर्षं पाहिली ते पुढेही शेअर्समध्ये पैसे घालायला कचरतात. ताजा अनुभव जास्त जड असतो, पण जुनाही पुरता पुसला जात नाही. तो निदान त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तुम्ही ज्या कर्जाला घाबरताय ते आजोबांचं, त्याचा एकही हप्ता तुम्ही भरलेला नाही.

म्हणून मित्राचं ऐका असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या 12 टक्क्यांना कुणाची हमी नाही, तो आकडा सरासरीतून आलाय. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर 1929 मध्ये शिखरावर होता. 1932 च्या जुलैपर्यंत तो जवळपास 89 टक्के घसरला आणि जुनी पातळी पुन्हा दिसायला 1954 साल उजाडलं. जपानचा निक्केई 1989 च्या अखेरीस जिथे होता, तिथे परत यायला 2024 चा फेब्रुवारी लागला. लाभांश धरले तर हा काळ कमी भरतो, आणि ही टोकाची उदाहरणं आहेत, हे मान्य. पण 14 वर्षांनी हिशोब मांडायचा असेल तर टोकं माहीत हवीत. त्यात हे बाबांचे पैसे. बाजार 30 टक्के पडला की तुमच्या मनात ‘गुंतवणूक उतरली’ येणार नाही, ‘बाबांचं घालवलं’ येईल. मग तुम्ही तळाला विकून बाहेर पडाल. ज्याने आजवर मुदत ठेवीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही, त्याने पहिल्याच झटक्यात वारसा पणाला लावू नये.

उलट कर्ज आधी फेडलं तर 8.5 टक्के पक्के सुटतात. घरकर्जाच्या व्याजावर तुम्हाला करसवलत मिळत असेल तर थोडे कमी. आज सगळं कर्ज मिटवायचं तर साधारण 98 हप्त्यांइतकी रक्कम लागेल. उरलेले 70 हप्ते म्हणजे निव्वळ व्याज. हातातले सगळे, म्हणजे 72 हप्त्यांचे पैसे, भरलेत तर 168 पैकी जेमतेम 29 उरतात. मोह होण्यासारखंच आहे. बाबांच्या भीतीत तथ्यही आहे: दर बदलता आहे, उद्या तो एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच राहिला तर 168 चे 190 होतील. पण दुसरी बाजू बाबांच्या वेळी नव्हतीच. पगार वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत गेला तर 12 वर्षांत तो दुप्पट होईल आणि आज एकतृतीयांश वाटणारा हप्ता एकषष्ठांशावर येईल. शिवाय कर्जात भरलेला पैसा सहजी परत मिळत नाही. नोकरी गेली तर ‘मागच्या वर्षी एवढे जास्त भरले होते’ असं सांगून कोणी हप्ता माफ करत नाही. दोन महिन्यांच्या शिलकीवर तुम्ही सगळं कर्जात ओतायला निघालात तर मी हात धरेन.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. पैसे कोणाचे?

कागदावर वारसा कसा ठरतो ते वकिलाला विचारा. मी व्यवहाराचं बोलतोय. ‘मला काय करायचंय’ असं नवरा जाऊन सहा महिने झालेली बाई म्हणते तेव्हा तो आर्थिक निर्णय नसतो. दुखण्याला कंटाळलेलं माणूस औषधाबद्दल बोलतं, तसं ते बोलणं. तिच्यापुढे अजून वीस-पंचवीस वर्षं असू शकतात. निम्म्या पेन्शनमध्ये रोजचं भागेल, पण एखादं मोठं आजारपण, सोबतीला ठेवलेली बाई, नातवंडांना काही घ्यावंसं वाटणं, हे सगळं मग तुमच्याकडे मागावं लागेल. अशा कितीतरी आया मी पाहिल्यात. त्या मागत नाहीत, गरजच कमी करतात. म्हणून 72 पैकी पहिले 24 आईचे. तिच्या एकटीच्या नावावर, तिच्या सहीने निघतील असे, सुरक्षित ठेवीत. ती नको म्हणेल. तरी करा.

उरलेल्या 48 पैकी 8 अडीअडचणीच्या शिलकीत घाला. तुमचा महिन्याचा खर्च हप्ता धरून साधारण दोन हप्त्यांइतका दिसतो, म्हणजे शिल्लक सहा महिन्यांवर जाईल. 28 कर्जात भरा. हप्ता तोच ठेवलात तर 168 चे 97 होतात: 28 भरून 71 सुटले. यात जादू काही नाही. सुटतात ते शेवटचे, सर्वांत लांबचे हप्ते. त्यामुळे पुढची आठ वर्षं खिशाला काही फरक जाणवणार नाही, पण तुम्ही 49 चे व्हाल तेव्हा कर्ज संपलेलं असेल आणि निवृत्तीसाठी पूर्ण हप्ता मोकळा होईल. राहिले 12. ते व्यापक निर्देशांकाच्या, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच कंपन्यांचे शेअर्स एकत्र घेणाऱ्या, कमी खर्चाच्या फंडात, दीड-दोन वर्षांत थोडे थोडे करून. साठाव्या वर्षापर्यंत तुमच्याकडे 19 वर्षं आहेत. एवढ्या काळासाठी सगळंच ठेवीत ठेवणं म्हणजे महागाईपुढे हळूहळू हरणं.

ही वाटणी गणिताने सर्वोत्तम आहे असा दावा मी करत नाही. मित्राचा अंदाज खरा ठरला तर तुम्ही थोडे मागे राहाल. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये जोखीम आणि परतावा यांचा मेळ घालण्याचं गणित मांडलं, त्यासाठी 1990 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. स्वतःच्या निवृत्तीचे पैसे मात्र त्यांनी रोखे आणि शेअर्स यांत सरळ निम्मे निम्मे विभागले होते, का तर कुठल्याही बाजूने पुढे फारसा पश्चात्ताप होऊ नये म्हणून. जोखमीचं गणित मांडणाऱ्यालाही स्वतःचं मन सांभाळावं लागतं, मग तुम्ही आम्ही कोण?

आता शेवटचं, थोडं टोचेल असं. बाबांच्या ठेवी शोधण्यात चार महिने गेले, एका ठेवीवर वारस म्हणून कधीच गेलेल्या आजोबांचं नाव निघालं, आईला एकाही खात्याची माहिती नव्हती, असं तुम्हीच लिहिलंय. आणि तीनच ओळींनंतर लिहिलंय की बायकोला सांगितलेलं नाही. कर्जाबद्दलचं वाक्य बाबांनी तोंडाने शिकवलं. घरातल्या पुरुषाने पैशाचा भार एकट्याने वाहायचा, हे त्यांनी न बोलता शिकवलं, आणि तुम्ही नेमकं तेच पक्कं धरलंत. पहिलं वाक्य मोडायला तुम्हाला अपराधी वाटतं. दुसरी सवय मोडायला हवी असं मनातही आलेलं नाही, आणि उद्या तुमच्या घराला महाग पडेल ती हीच.

तेव्हा पैसे हलवण्याआधी बायको आणि आई दोघींना घेऊन बसा. खाती, ठेवी, कर्ज, विमा, सगळं एका वहीत लिहा आणि वही कुठे ठेवली ते दोघींना ठाऊक असू द्या. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण ते तपासा. तुमच्या नावावर कर्जाची रक्कम आणि काही वर्षांचा घरखर्च भागेल एवढा मुदत विमा नसेल तर तो या महिन्यात घ्या, फंडाचं नंतर बघू. बायको म्हणाली की 28 ऐवजी 36 कर्जात भरू, तर माझी हरकत नाही. फक्त आईच्या 24 ला हात लावू नका.

आणि कर्जात रक्कम भरताना अर्जावर ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं स्पष्ट लिहून द्या. नाहीतर काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून देतात, आणि वरचा हिशोब मग लागू पडत नाही. पैसे भरल्यावर नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी आहे ते बघा.