कापायच्या आधी कापड भिजव गं

पहिलाच कुर्ता शिवतेयस ना, मग जॉर्जेट-सॅटिनच्या नादी लागू नकोस, कात्रीखाली सरकतं आणि टीप वाकडी जाते. सरळ केंब्रिक किंवा पॉपलिनसारखं सुती कापड घे. आणि बेतायच्या आधी भिजव, हे हात जोडून सांगते. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं, म्हणजे अडीच मीटरमधलं दहाएक सेंटीमीटर गेलं, म्हणून पाव मीटर जास्तच आण. रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं, न पिळता वाळत घालायचं, जरा दमट असतानाच इस्त्री. खळ निघून गेली की कळतं कापड खरं किती विरळ आहे ते, दुकानात काय, सगळंच कडक दिसतं.

अस्तरही भिजव हां! मी भाचीच्या खणाच्या फ्रॉकला सुती अस्तर तसंच लावलं, एका धुण्यात ते आटलं, खण होता तेवढाच राहिला, घेरापाशी सगळ्या चुण्या. बसले मग रात्री उसवत.

रंग जातो का बघायला ओला पांढरा रुमाल कापडावर घास. गडद लाल, इंडिगो बहुतेक जातातच, त्यांना पांढरी पाइपिंग नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, मला तरी फरक दिसला नाही.

माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, दीड सेंटीमीटर सोड आणि कडांना इंटरलॉक नाहीतर झिगझॅग मार, वॉशिंग मशीनमध्ये धागे सुटत सुटत टिपेपर्यंत येतात. दोरा पॉलिएस्टरचा, सुई १४ नंबर, मलमल असेल तर ११.