सहा वर्षांच्या मुलाला चार-चार जणांचा छोटा फुटबॉल खेळवावा की थेट मोठ्या मैदानावर उतरवावं?

क्लासमध्ये चार विरुद्ध चार खेळवतात, गोलकीपरही नाही, आणि आजोबा म्हणतात हा फुटबॉल नव्हे, असं तुम्ही लिहिलंय. माझा थोरला भाऊ अगदी हेच म्हणतो, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. इथं फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात; घरात दोन तालमींची माणसं, शाहू स्टेडियमवर मॅच असली की जेवताना वाद ठरलेला. पुतण्या सात वर्षांचा असताना भावानं त्याला एका स्पर्धेत उतरवलं. अकरा-अकरा, पूर्ण मैदान, पाच नंबरचा म्हणजे मोठ्यांचा बॉल. मी कडेला उभा राहून फक्त त्याच्याकडं बघत होतो. बॉल पार पलीकडं, त्याच्यामागं पोरांचा घोळका, आणि लाथ मारणार ती दोन-तीन दांडगी पोरंच. आमच्यानं आधी चड्डीची नाडी सोडून परत बांधली, मग उकिडवा बसून गवत उपटायला लागला. हाफटाइमपर्यंत त्याचा बॉलशी संबंध आला तो बाहेर गेलेला आणून देण्यापुरता. गोलमधल्या पोराचे तर हाल. ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच पोस्ट, उडी मारून बार हाताला लागत नाही. उचलून मारला की गोल. घरी येताना भाऊ म्हणाला, "पोरात दमच नाही." ते मला अजून लागतं.

त्याच पोराला मी गांधी मैदानाच्या कोपऱ्यात गल्लीतल्या पोरांबरोबर खेळवायला लागलो. चपलांचे गोल, तीन नंबरचा छोटा बॉल. चारच जण असले की बॉल सारखा पायात येतो, सुटतो, परत काढून घ्यावा लागतो. पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉल वळवायला तो तिथंच शिकला, कुणी न सांगता.

भावाचं म्हणणं, "आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव काय चपलांच्या गोलवर घडला?" अरे, अनिकेत भारताकडून २०१७ चा वर्ल्डकप खेळला तो १७ वर्षांखालचा! सात वर्षांच्या पोराला ते माप कसं लावायचं? अमेरिकेत २०१७ पासून आठ वर्षांखालच्या पोरांना चार-चारच खेळवतात, कीपरशिवाय. इंग्लंडमध्ये अकरा-अकराची मॅच बारा वर्षांच्या आत नाहीच. इंग्लंडची माणसं तर फुटबॉल आपल्याआधी खेळायला लागलीत.

हां, एक आहे. लांब किक आणि आपली जागा धरून खेळणं छोट्या मैदानात येत नाही, ते पुढं वेगळं शिकावं लागतं. आणि कोच पोरांना रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावत असेल, तर चार-चारचाही उपयोग शून्य. क्लास बदला.

आजोबांना एकदा मैदानावर न्या. नातवाच्या पायाला बॉल किती वेळा लागतो तेवढंच मोजायला सांगा. भावालाही मी तेच सांगतोय, पण तो यायलाच तयार नाही.