ऐकू कमी येणाऱ्या वडिलांना पिक्चर परत आवडायला लागावा म्हणून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे आहेत, एके काळी नवा पिक्चर लागला की पहिल्या शुक्रवारी जाणारे, आणि आता टीव्हीसमोर दहा मिनिटं बसतात आणि उठून आत जातात, आवाज वाढवला की घरातले वैतागतात, कानाचं मशीन आणलंय पण ते कपाटातच आहे. मी स्वतः ७१ चा, दोन्ही कानांनी कमी ऐकतो, आणि तरी महिन्याला चार-पाच पिक्चर बघतो, म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो की ते उठून जातात ते आवड गेली म्हणून नाही. मी पण तीन वर्षं असाच उठून जायचो. सगळे हसले की मग मी हसायचो आणि सुनेनं विचारलं कळलं का मामा, तर हो म्हणायचो. हे फार थकवणारं असतं हो, शेवटी माणूस नकोच म्हणतो.

मी इचलकरंजीत ३४ वर्षं कापडाच्या मागावर काढली, आधी कामगार आणि मग जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा. शेडमध्ये चाळीस-पन्नास साधे माग एकदम चालू, आडवा दोरा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटतोय, आवाज ९० डेसिबलच्या वर. रोज आठ तास ८५ च्या वर आवाज म्हणजे कानाला धोका हे मला रिटायर झाल्यावर कळलं, तेव्हा कानात कोणी काही घालत नव्हतं. तुमच्या वडिलांचं वयामुळं असेल पण दोन्हीत नुकसान बरंचसं सारखंच होतं, बारीक म्हणजे उंच पट्टीचा आवाज आधी जातो. माझ्या कानाच्या तपासणीच्या रिपोर्टमधली रेघ ५०० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजाला, बरी आहे आणि ४००० ला, म्हणजे बारीक आवाजाला, धाडकन खाली आलीय. आता आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे जाड आवाज खालच्या पट्टीत असतात आणि स, श, च, त, थ, फ यांचा आवाज वरच्या पट्टीत, म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण काय बोलतोय ते कळत नाही. साप म्हणाला का ताप म्हणाला, मला नुसतं आप ऐकू येतं. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं तर जास्तच निसटतं.

म्हणून आवाज वाढवून उपयोग होत नाही. वाढवला की जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं होतं, ढोल, गाड्या, पार्श्वसंगीत, आणि अशा कानाला मोठा आवाज उलट जास्त टोचतो, म्हणजे डायलॉग कळला नाही तो नाहीच आणि स्फोट झाला की कानात कळ. घरच्यांना वाटतं यांना हळू पण ऐकू येत नाही आणि मोठा पण चालत नाही, काय करायचं यांचं. त्यात त्यांचा दोष नाही, हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं एवढंच.

तुम्ही आधी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊन कानात मळ आहे का बघून घ्या, मळानंसुद्धा बराच फरक पडतो. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन सेट करणाऱ्याकडे, ते कपाटातलं मशीन घेऊन जा आणि परत सेट करून मागा. माझं पहिलं मशीन एका दुकानातून घेतलेलं, पाच मिनिटांत कानात घालून दिलं आणि पाठवलं, घरी आल्यावर पंखा, ताटवाटी, स्कूटर सगळं अंगावर आल्यासारखं झालं आणि मी ते दोन दिवसांत काढून ठेवलं. दुसऱ्या वेळी ज्या बाईंनी सेटिंग केलं त्यांनी सांगितलं की पहिला आठवडा घरातच दोन-तीन तास घाला, मग वाढवत न्या, मेंदूला ते आवाज विसरायला झालेले असतात त्याला वेळ द्या, आणि दर दोन आठवड्यांनी बोलावून थोडं थोडं बदलत नेलं. दीड महिन्यात मला कुकरची शिट्टी आणि पाखरांचा आवाज यायला लागला. पैशाची अडचण असेल तर आपल्या राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना, उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३००० रुपये मिळतात, चांगल्या मशीनला ते कमीच पडतात पण हातभार लागतो. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, कानाचंच काम करणारी केंद्र सरकारची संस्था, तिथे दाखवा.

आता टीव्ही. हल्लीच्या पिक्चरचा आवाज पाच-सहा स्पीकरच्या हिशोबानं बनवतात आणि त्यात डायलॉग मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात. घरातल्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही बऱ्याचदा खाली नाहीतर मागे तोंड करून, मग डायलॉग आणि संगीत एकातच कालवलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन सराउंड बंद करा, ५.१ (म्हणजे तोच पाच-सहा स्पीकरचा आवाज) च्या ऐवजी स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरचा, निवडा, क्लिअर व्हॉइस किंवा स्पीच असं काही असेल तर ते चालू करा. सगळ्यात मोठा फरक मला हेडफोननं पडला. ब्लूटूथमध्ये कधी कधी आवाज ओठांच्या मागे पडतो, तसं झालं तर लांब वायरचा साधा हेडफोन घ्या, फक्त वायर लावल्यावर टीव्हीचा स्पीकर बंद होत नाही ना ते सेटिंगमध्ये बघा, नाहीतर ते एकटेच ऐकत बसतील आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येणार नाही. त्यांच्या मशीनमध्येच ब्लूटूथ असेल तर टीव्हीला जोडायची छोटी डबी मिळते, मग आवाज थेट कानात येतो.

आवाज ओठांच्या मागे पडू नये हे एवढं का म्हणतोय, तर मागाच्या खडखडाटात आम्ही ओठांवरूनच बोलणं ओळखायचो, धागा तुटला, दोऱ्याची कांडी संपली, चहा आला, सगळं. थोडं थोडं प्रत्येक कमी ऐकणारा माणूस असं करतोच, त्याला स्वतःला माहीत नसतं. पण ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात आणि क, ग तर दिसतच नाहीत, म्हणून थोडा कान आणि थोडे ओठ असं दोन्ही मिळून काम चालतं. साऊथचे हिंदीत डब केलेले पिक्चर त्यामुळं मला जड जातात, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. जुने पिक्चर सोपे जातात कारण नट नाटकातून आलेले, शब्द स्वच्छ टाकायचे, एकानंतर एक बोलायचे आणि डायलॉगवर संगीत चढवलेलं नसायचं. वडिलांच्या तरुणपणी त्यांना जे आवडले तेच आधी लावा, ओळखीच्या वाक्यातला निसटलेला शब्द मेंदू स्वतः भरून घेतो. नवीन बघायचा असेल तर गोष्ट आणि पात्रांची नावं आधी सांगून टाका. शेवट कळला म्हणून मजा जाते असं मला आता वाटत नाही, कोण कोणाचा कोण हे शोधण्यात जीव जात नाही त्यामुळं मी चेहरे बघतो.

सबटायटल हवीतच. मोबाईल ॲपवर हिंदी पिक्चरला कधी कधी हिंदीतच मिळतात, अक्षर मोठं करा, मागे काळी पट्टी ठेवा. मी सातवीपर्यंत शिकलेला, सुरुवातीला वाचून होईपर्यंत पट्टी जायची, पण दोन महिन्यांत वेग आला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चरला खाली बऱ्याचदा इंग्रजी येतं, ते मराठी न येणाऱ्यांसाठी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. १९१३ ला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला तो मूकपट, त्यात पडद्यावर लिहून यायचं, आणि आज शंभरावर वर्षांनी मराठी म्हाताऱ्याला मराठी पिक्चरखाली मराठी अक्षर मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं थिएटरमध्ये कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणं, देण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, तेव्हा तिकीट काढताना खिडकीवर विचारा सबटायटलवाला शो कुठला, सारखं विचारलं तरच ते ठेवतील. थिएटरात मधल्या रांगेच्या थोडं मागे, मधोमध बसवा, भिंतीकडेला स्पीकर कानाशीच येतात.

आणि पुष्पक दाखवा, १९८७ चा, कमल हासनचा. संवाद एकही नाही. आमच्या घरी मुलगा, सून, नात आणि मी असे चौघे बसून बघितला, मी सगळ्यांच्या बरोबर हसलो, मागून नाही. नात म्हणाली आबा, तुम्ही आज विचारलंच नाही काही.

येत्या रविवारी दुपारी तोच लावा. खोलीत थोडा उजेड ठेवा म्हणजे तुमचा चेहरा त्यांना दिसेल, पंखा कमी करा. नंतर डायलॉगवाला पिक्चर लावाल तेव्हा रिमोट तुमच्या हातात ठेवा, त्यांनी काय म्हणाला विचारलं की काही नाही असं म्हणू नका, पॉज करा, त्यांच्याकडं तोंड करून तेच वाक्य सांगा आणि मग पुढं चालू करा.