'जनस्वीकृती'ला मराठीत काय म्हणावं?

ठाण्यातल्या एका वाचकाने विचारलंय: सोसायटीच्या सभेसाठी वाहतूक कोंडीवरच्या उपायांचं टिपण करतोय. त्यात 'या उपायांना जनस्वीकृती मिळणे आवश्यक आहे' असं वाक्य आलंय आणि ते कानाला खटकतं. दुसरा शब्द कोणता?

खटकतं ते योग्यच. 'स्वीकृत' हा शब्द महापालिकेच्या शहरांत आपण ऐकतो तो 'स्वीकृत नगरसेवक' म्हणून, आणि हा नगरसेवक लोकांनी निवडून दिलेला नसतो. 'मान्यता' तर वरूनच खाली येते: शासनमान्य, मान्यताप्राप्त, प्रशासकीय मान्यता. हवा तो अर्थ नेमका 'लोकमान्य' या विशेषणात होता, पण ते टिळकांचंच झालं. ठाण्यात 'लोकमान्य' म्हटलं की पुढे 'नगर' येतं आणि टीएमटी बसची पाटी आठवते.

माझं म्हणणं असं की इथे नाम शोधूच नये. मराठी माणूस ही गोष्ट क्रियापदांनी सांगतो, आणि फार बारकाईने सांगतो. 'मला पटत नाही, पण मान्य आहे' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पटणं मनाचं, मान्य असणं व्यवहाराचं. 'जनस्वीकृती'त हे दोन्ही एकत्र कालवले जातात.

मग एकाच घडणीचे तीन वाक्प्रचार: गळी उतरणे, पचनी पडणे, अंगवळणी पडणे. गळी, पचनी, अंगवळणी या तिन्हींत सप्तमीचा जुना 'ई' आहे, घरी-दारीतला. तिन्हींत लोक कर्ता नाहीत, नियम कर्ता आहे. 'गळी उतरवणे' म्हटलं की मात्र कुणीतरी ते करतंय, थोडी जबरदस्तीही आहे. 'अंगवळणी'तलं 'वळण' मला विशेष आवडतं. रस्त्यालाही वळण असतं आणि मुलांनाही आपण वळण लावतो.

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग आलं तेव्हा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार चिडला होता. आज तो स्कूटर लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. विचारलं तर अजूनही म्हणतो, 'आपल्याला नाय पटत.' नियम अंगवळणी पडलाय, पटलेला नाही.

पण कधीकधी अंगवळणी आधी पडतं आणि पटतं मागाहून. स्टॉकहोममध्ये शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर कर लावायला आधी बहुसंख्य लोकांचा विरोध होता. 2006 साली जानेवारी ते जुलै तो प्रयोग म्हणून लावला. कराच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली. सप्टेंबरमध्ये शहरात मतदान झालं तेव्हा बहुमत बाजूने गेलं आणि 2007च्या ऑगस्टपासून कर कायमचा झाला. उलट स्कॉटलंडमधल्या एडिंबरात 2005 साली अशाच योजनेवर आधी मतदान घेतलं आणि लोकांनी ती मोठ्या फरकाने फेटाळली.

टिपणात असं शुल्क येणार असेल तर त्याच्या नावाकडेही लक्ष द्या. 'कोंडी शुल्क' वाचून कोंडीत अडकायचे पैसे द्यायचे असं वाटेल. 'पथकर' म्हणालात तर ठाणेकर 'टोल' ऐकणार. मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यांवर वर्षानुवर्षं पैसे मोजलेत त्याने, आणि छोट्या गाड्यांना 2024च्या ऑक्टोबरमध्ये कुठे ती माफी मिळाली. टोल पुलांचा खर्च वसूल करायला होता. हे शुल्क गाड्या ऐन गर्दीच्या वेळेतून बाजूला काढायला असतं. म्हणून मी 'गर्दीवेळ शुल्क' म्हणेन. शब्द नवा आहे, पण कशाचे पैसे ते लगेच कळतं.

तर तुमचं वाक्य असं करून पाहा: 'हे उपाय रहिवाशांना पटतात का, आणि पटत नसले तरी सहा महिने करून बघायला मान्य आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.'