सगळीकडे एकच काय ठेवायचे?

पुणे

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा मी दोनदा वाचला. कंपनीच्या इतक्या देशांतल्या कार्यालयांचे माहिती तंत्रज्ञानाचे धोरण आखायची जबाबदारी हिंजवडीतल्या एका लहान चमूकडे आली, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या उमेदीच्या काळात असे निर्णय परदेशात होत आणि आपल्या वाट्याला अंमलबजावणी तेवढी येई. आराखड्यात क्लाउड, सायबर सुरक्षा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी प्रकरणे आहेत. मात्र कोणती गोष्ट सर्व देशांत एकच राहील आणि कोणती त्या त्या देशावर सोपवली जाईल, याचा निर्णय मला त्यात कुठेच सापडला नाही, आणि माझ्या मते धोरणाचा गाभा तोच आहे.

हे मी चूक करून शिकलो. एका कंपनीत असताना सगळ्या देशांसाठी बिलाची एकच प्रक्रिया मी बसवली. जर्मनीत ती उत्तम चालली, म्हणून पुढे ब्राझीलमध्ये सुरू केली, आणि पहिल्याच सोमवारी माल भरलेले ट्रक गोदामाच्या फाटकाशी उभे राहिले. तिथे इलेक्ट्रॉनिक बिलाला करखात्याची मंजुरी मिळाल्याशिवाय माल बाहेर काढता येत नाही, आणि आमच्या प्रक्रियेत त्या मंजुरीला जागाच ठेवलेली नव्हती. गोदामातल्या कारकुनाला हे पाठ होते. त्याला आम्ही कुणी विचारलेच नव्हते. आपल्याकडेही २०२० च्या ऑक्टोबरपासून, आधी मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांसाठी, जीएसटीचे ई-बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे सक्तीचे झाले, तेव्हा परदेशी मुख्यालयांना हे समजावताना पुण्यातल्या अनेकांची दमछाक झाली असेल.

म्हणून कर, पगारपत्रक आणि स्थानिक कायद्याशी बांधलेली कामे देशांकडे राहू देत. लॉगिन, ग्राहक व पुरवठादारांच्या मूळ नोंदी, हिशेबाची खातेरचना आणि सुरक्षेचे किमान नियम मात्र एकच असावेत, आणि त्यांत सवलत मागणाऱ्या देशप्रमुखाला लेखी कारण द्यावे लागावे.

एकसारखेपणाचीही किंमत असते, हे आराखड्यात स्पष्ट लिही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे त्याने आडवे केले. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत असल्यामुळे एकदमच पुसले गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्यातली माहिती माणसाच्या हाती ब्रिटनला पोहोचवावी लागली, आणि मग सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले. एका देशाच्या कायद्यापायी घेतलेले सॉफ्टवेअर जगभरच्या जाळ्यात मोकळे सोडू नये आणि बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी, या दोन गोष्टींसाठी पैसे आत्ताच माग. संकट आल्यावर ते मिळतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

खर्चाबद्दल थोडेच सांगतो. प्रत्येक नव्या प्रणालीपुढे तिच्यामुळे बंद होणाऱ्या जुन्या प्रणालीचे नाव आणि बंद करण्याची तारीख लिही, नाहीतर दोन्हींचे परवाने वर्षानुवर्षे भरत बसावे लागते. नव्या प्रणालीची जबाबदारीही तंत्रज्ञान विभागाबाहेरच्या, ती रोज वापरणाऱ्या खात्याच्या प्रमुखाकडे दे.

गुरुवारच्या बैठकीआधी सादरीकरणाच्या स्लाइड बाजूला ठेव आणि ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या गोदामात फोन कर. संध्याकाळी साडेसहाला पुण्यातून लावलास तर तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. महिनाअखेरीस त्यांचे काम नेमके कुठे अडते ते विचार, आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

कळावे, लोभ असावा.