सोसायटीच्या तक्रारीत ९७ वी घटनादुरुस्ती लावू नका

कमिटीची मुदत संपूनही निवडणूक नाही, म्हणून ९७ व्या घटनादुरुस्तीचा (सहकारी संस्थांबद्दलच्या) हवाला देत खासदारांमार्फत लोकसभेकडे अर्ज केलात आणि ‘राज्याचा विषय’ म्हणून तो परत आला. तुमची ही हकिगत वाचली आणि आमच्या सोसायटीचीच फाइल डोळ्यांसमोर आली. (मी वकील नाही. हे वाचून थेट नोटीस काढू नका.)

कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा, ते घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्यांवरून ठरतं: केंद्र सूची, राज्य सूची आणि दोघांची समवर्ती सूची. सहकारी संस्था राज्य सूचीत, नोंद ३२. कारभार एका राज्यापुरता नसेल तरच केंद्र सूचीची नोंद ४४. तुमची सोसायटी ३२ मध्येच बसते, त्यामुळे लोकसभेच्या दारात जाऊन उपयोग नाही.

आता मुख्य घोळ. संसदेने ९७ व्या दुरुस्तीने घटनेत भाग ९बी घातला. कमिटीत जास्तीत जास्त २१ जण, मुदत ५ वर्षं, वर्ष संपल्यावर ६ महिन्यांत वार्षिक सभा, सगळं त्यात आहे. पण राज्याच्या कायदे करण्याच्या अधिकाराला हात लावायचा तर कलम ३६८(२) प्रमाणे निदान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मंजुरी लागते. ती घेतलीच नव्हती! म्हणून जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांतल्या संस्थांपुरता हा भाग रद्द केला, फक्त बहुराज्य (एकाहून जास्त राज्यांत कारभार असलेल्या) संस्थांपुरता ठेवला. दोन्ही सभागृहांत दुरुस्ती मंजूर झाली म्हणजे झालं, ही समजूत इथेच फसते.

मग ५ वर्षांचा नियम गेला का? नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये तो स्वतःच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात आणला होता, तो तिथे आहेच. अर्जात घटनेचं कलम काढा आणि मुदतीसाठी ७३अअअ, वार्षिक सभेसाठी ७५, मुदत संपूनही निवडणूक नसेल तर ७७अ लिहा. अर्ज तुमच्या भागाच्या उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी). गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ पासून १५४ब ची वेगळी कलमंही आहेत, ती आधी वाचा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कार्यालयाने, नाव घेत नाही. चुकीच्या कायद्याखालचा अर्ज आहे हे सांगायला एक ओळ पुरली असती. ते न करता ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा मारून कागद पुढच्या टेबलावर, तिथून त्याच्या पुढच्या. तोवर जुनी कमिटी खुर्चीत आणि चेकवर सह्या तिच्याच. माझं मत विचाराल तर ‘अग्रेषित’चं पत्र आलं की वाट बघत बसू नका, योग्य कलमाखाली नवा अर्ज टाका आणि पोचेवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जाता जाता: पैसे बहुराज्य पतसंस्थेत अडकले असतील तर वरचा महाराष्ट्राचा अधिनियम लागू नाही. तिथे संसदेचा २००२ चा कायदा चालतो आणि त्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सभासदाची ठेवीबद्दलची तक्रार सहकार लोकपालांकडे जाते.