मशीन घेण्याआधी घरचा नळ पाहा

वाचकांचे प्रश्न

गणेशोत्सव ते दिवाळी हा घरातल्या मोठ्या खरेदीचा काळ असल्याने या वेळी वॉशिंग मशीनविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. अनेकांनी ‘सर्वांत भरवशाची कंपनी कोणती’ असे थेट विचारले आहे. त्याचे एका नावात उत्तर देणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलांत मोटर, टब आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट वेगवेगळे असू शकते. शिवाय एका गावात उत्तम चालणारे मशीन दुसऱ्या गावात तिथल्या पाण्यामुळे लवकर बिघडते.

प्रश्न : आमचे लातूरला एकमजली घर आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण राहतो. धुण्याभांड्यांसाठी बोअरचे पाणी वापरतो आणि त्याची टाकी गच्चीवर आहे. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची मोटर आता जळाली. दुकानदार फ्रंट लोडच घ्या असा आग्रह करतो. सासूबाई नऊवारी नेसतात, आणि मी शाळेत शिकवत असल्याने मला सकाळी मशीनपाशी उभे राहायला वेळ नसतो. तीस हजारांच्या आत कोणते मशीन घ्यावे?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेले मशीन कपडे कमी झिजवते, पाणी कमी घेते आणि स्वच्छ धुते, त्यामुळे दुकानदार काही खोटे सांगत नाही. मात्र ते आपल्या घरात टिकेल का, हे बोअरच्या पाण्यावर आणि गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी दुकानदाराने विचारलेल्या दिसत नाहीत.

आधी पाणी पाहू. साबणाचा फेस होत नसेल, बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल आणि गिझरची कॉइल वरचेवर जात असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 नुसार पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर तो 600 पर्यंत चालवून घेतला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. हातात धरायच्या टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नये, कारण तो पाण्यात विरघळलेल्या सर्वच क्षारांचा अंदाज देतो आणि त्यांतला जडपणा किती हे वेगळे सांगत नाही.

असे पाणी तापवले की त्यातील कॅल्शियमचे क्षार बाहेर पडून हीटरवर कवचासारखे बसतात, हीटरची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि शेवटी तो आतल्या आत जळतो. फ्रंट लोडमध्ये हीटर बहुधा असतोच. थंड पाण्यात धुऊन तो वाचवता येतो, पण मग ज्या सोयीसाठी जास्त पैसे मोजले तीच वापरायची नाही, असा तो व्यवहार होतो. जड पाण्यात पावडरचा मोठा भाग क्षारांशी झगडण्यातच खर्च होतो, म्हणून आपण आणखी पावडर घालतो, आणि ती नीट विसळली न गेल्याने गडद कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात.

दुसरी बाब पाण्याच्या दाबाची, आणि तक्रारींचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो. मशीनच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. काही मशीनना तो 0.3 बार लागतो, तर काहींना 0.5 बार. 1 बार म्हणजे साधारण 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, म्हणजे 0.5 बारसाठी टाकीतील पाणी मशीनच्या व्हॉल्व्हपेक्षा किमान 5 मीटर उंच असायला हवे. एकमजली घराचा स्लॅब जमिनीपासून सुमारे 3 मीटरवर असतो, टाकी त्यावर हातभर उंचीच्या ओट्यावर बसवलेली असते आणि मशीनचा व्हॉल्व्ह जमिनीपासून मीटरभर वर असतो. हा हिशेब केला तर हातात जेमतेम अडीच ते तीन मीटर उरतात, आणि अर्ध्या इंची पाइपमधून तीन-चार एल्बो, म्हणजे कोपऱ्याचे जोड, ओलांडताना त्यातलाही काही दाब जातो. मग मशीन पाणी भरण्याची वाट पाहत राहते आणि पडद्यावर एरर दाखवून थांबते. कंपनीचा माणूस येऊन ‘प्रेशर नाही’ असे लिहून जातो, आणि हा मशीनचा दोष नसल्याने वॉरंटीचा काही उपयोग होत नाही. मशीन घेण्याआधी ज्या नळाला ते जोडायचे आहे त्याखाली 10 लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते पाहावे. दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर आधी टाकीपासून मशीनसाठी पाऊण इंची स्वतंत्र लाइन टाकून घ्यावी, किंवा टाकीचा ओटा उंच करावा. छोटा प्रेशर पंपही चालतो, पण देखभालीला आणखी एक यंत्र वाढते.

या सगळ्याचा विचार करता आपल्यासाठी हीटर नसलेले, 7 ते 7.5 किलोचे, कमी दाबावर चालणारे फुली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन योग्य ठरेल, आणि ते आपल्या रकमेत बसेल. पाणी अधिक लागणे हा त्याचा खरा दोष आहे. फ्रंट लोडला एका धुण्यास साधारण 50 ते 70 लिटर पाणी पुरते, तर टॉप लोडला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त लागते. मात्र उन्हाळ्यात बोअर आटून टँकर मागवावा लागला, तर टॉप लोडमध्ये वरून बादलीने पाणी ओतता येते. मशीन आतली पातळी ओळखते आणि पुढे चालू लागते. फ्रंट लोडमध्ये तशी सोय नाही. पुन्हा सेमी-ऑटोमॅटिक घेतल्यास विसळलेले पाणी पुढच्या धुण्याला वापरून बरीच बचत करता येते, हे खरे. पण आपण शाळेत असताना ओले जड कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकण्याचे काम सासूबाईंच्या कमरेवर येईल.

मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे असतात. पाच जणांचे रोजचे कपडे एका पिशवीत भरून स्प्रिंगच्या काट्याला लावून पाहावेत; सहसा ते चार किलोंच्या आसपास भरतात, म्हणजे सात किलोंत चादरींनाही जागा राहते. दहा किलोंचे मशीन घेऊन ते अर्धे रिकामे चालवण्यात शहाणपण नाही. नऊवारी लुगडे मात्र इतर कपड्यांत मोकळे टाकू नये, कारण ते सगळ्यांना वेढून पीळ घालते आणि मशीनचा तोल जातो. त्याची सैल घडी घालून ते जाळीच्या पिशवीत टाकावे.

बोअरच्या पाण्यात रेती येते, म्हणून महिन्यातून एकदा नळ बंद करून मशीनच्या मागची पाण्याची नळी काढावी. आत बाटलीच्या बुचाएवढी प्लास्टिकची जाळी दिसते. ती चिमट्याने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने धुवावी. ‘मशीन पाणी घेत नाही’ अशा कित्येक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

प्रश्न : चिपळूणला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नळाचे पाणी चांगले आहे, पण जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. वॉशर-ड्रायर घ्यावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाणी मऊ आणि दाब पुरेसा असेल तर आपण बेलाशक फ्रंट लोड घ्यावे, ड्रायरचा विचार त्यानंतर करावा. कपडे वाळण्याचे निम्मे काम पिळण्यातच होते. मिनिटाला 1,000 फेऱ्यांनी पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण 60 टक्के पाणी उरते, तर 1,400 फेऱ्यांनंतर ते 50 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाच किलो कपड्यांमागे अर्धा लिटर पाणी दोरीवर न जाता गटारात जाते, आणि कोकणातल्या श्रावणात हा फरक लहान नव्हे. सेमी-ऑटोमॅटिकमधल्या नुसत्या पिळणाऱ्या ‘ड्रायर’वरही 1,300 असा आकडा छापलेला आढळतो, पण त्याचे भांडे अरुंद असल्याने तेवढ्याच फेऱ्यांत जोर कमी पडतो. त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनच्या फेऱ्यांची थेट तुलना करू नये.

वॉशर-ड्रायरबाबत दोन गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. 8 किलो धुणारे मशीन एका वेळी सहसा 5 किलोच्या आसपासच वाळवते, त्यामुळे धुतलेल्यांपैकी काही कपडे बाहेर काढून उरलेले वाळवावे लागतात. आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान 0.63 युनिट वीज लागते, म्हणजे वर सांगितलेल्या पाच किलो कपड्यांतले अडीच लिटर पाणी उडवायला दीड युनिटाहून अधिक वीज हवी. प्रत्यक्षात ती बरीच जास्त जाते. घरात तान्हे मूल किंवा अंथरुणावरचे आजारी माणूस असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. एरवी जास्त फेऱ्यांचे साधे फ्रंट लोड घ्यावे, पिळण्याची फेरी एकदा जास्तीची लावावी आणि कपडे खोलीत पंख्याखाली पसरावेत.

कुबट वास पुष्कळदा मशीनमधूनच येतो. दाराच्या रबरी वेटाळ्याच्या घडीत पाणी आणि केस साचतात, म्हणून धुणे झाल्यावर ती घडी फडक्याने पुसावी आणि दार किलकिले ठेवावे. फ्रंट लोडसाठी कमी फेसाचीच पावडर वापरावी. साध्या पावडरीचा फेस नीट विसळला जात नाही आणि त्याच थरात वास धरतो. हीटर सुमारे 2,000 वॉटचा असतो, तेव्हा 16 अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट आधीच करून घ्यावे. मशीन बसवताना मागचे वाहतुकीचे लांब बोल्ट काढले आहेत ना, हे आपण समोर उभे राहून पाहावे. ते राहिले तर पिळताना मशीन घरभर नाचते आणि आतले भाग मोडतात. काढलेले बोल्ट फेकू नयेत, घर बदलताना ते परत लावावे लागतात.

प्रश्न : मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी असलेले मशीन अधिक भरवशाचे असते का? आणि वाढीव वॉरंटी विकत घ्यावी का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : मोटर हा या मशीनचा लवकर बिघडणारा भाग नव्हे, म्हणून तर कंपन्या तिच्यावर दहा वर्षे देऊ शकतात. त्या दहा वर्षांतही बहुधा फक्त मोटर फुकट मिळते. मेकॅनिकच्या भेटीचे आणि मजुरीचे पैसे आपलेच. खर्चात पाडतात ते इलेक्ट्रॉनिक सर्किट, पाण्याचा निचरा करणारा पंप आणि फ्रंट लोडमधील ड्रमचे बेअरिंग. दुकानात एकच प्रश्न आग्रहाने विचारावा, की या मॉडेलचे बेअरिंग स्वतंत्र बदलता येते की त्यासाठी पूर्ण टबच बदलावा लागतो. अनेक नव्या मशीनमध्ये टबाचे दोन भाग कायमचे जोडलेले असतात, आणि मग काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी काही हजारांचा टब घ्यावा लागतो. विक्रेत्याला सांगता आले नाही तर सेवा केंद्राला फोन करून विचारावे. तिथे मिळणाऱ्या उत्तराच्या सुरावरूनही पुष्कळ काही कळते.

वाढीव वॉरंटी फ्रंट लोडसाठी घ्यावी, पण ती कंपनीची स्वतःची असेल आणि त्यात सर्किटचा उल्लेख लेखी असेल तरच. साध्या सेमी-ऑटोमॅटिकला तिची गरज नाही. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. तक्रारीची दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, आणि तिथे हे बिलच कामी येते.

प्रश्न : गोव्यात मशीन बनवणारा कारखाना असताना बाहेरच्या कंपनीचे मशीन का घ्यावे, असे माझे यजमान म्हणतात. आपले मत काय?
— एक गृहिणी, फोंडा

उत्तर : वेर्ण्याला आयएफबीचा कारखाना आहे हे खरे, पण कोणत्याही कारखान्याच्या दारात जाऊन ग्राहकाला सुटा भाग मिळत नाही, तो सेवा केंद्रामार्फतच येतो. म्हणून यजमानांचा निकष किंचित बदलून घ्यावा. ज्या दोन-तीन कंपन्या मनात आहेत, त्यांची मशीन वापरणाऱ्या शेजाऱ्यांना विचारावे, की तक्रार नोंदवल्यावर मेकॅनिक फोंड्यात किती दिवसांनी आला आणि सुटा भाग आणायला त्याला आणखी किती दिवस लागले. तिथे गोव्यातल्या कंपनीचे उत्तर चांगले आले तर तेच मशीन घ्यावे, आणि यजमानांचे म्हणणेही राहील.